सुजेचं गाऱ्हाणं

ज्ञानेश्वरीला सगळं यायचं, हीच तिची खरी पंचाईत. नर्सिंगच्या एम.एस्सी.ला आम्ही एकाच खोलीत राहायचो. ती देवरूखच्या वरच्या अंगाच्या गावातली, मी मांडवीच्या खारव्यांची पोर, मासळीबाजारातली घासाघीस ऐकत वाढलेली. मला अर्धं यायचं आणि मी दुप्पट बोलायचे. तिला पुरतं यायचं, पण समोर मोठं माणूस आलं की तोंडाला कुलूप. कोणी काही म्हणो, ही मान डोलावणार. मेसवाल्यानं एकदा विचारलं, "आमटी कालचीच आहे, चालेल ना?" ही म्हणाली, "चालेल." मी मेसवाल्याशी भांडले ते वेगळं.

आमची परीक्षा म्हणजे पॅथोफिजिऑलॉजीतला, आजारात शरीर आतून कसं बिघडतं त्यातला, एक विषय पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवून दाखवायचा, आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी मागे बसून गुण द्यायचे. ज्ञानेश्वरीचा विषय होता दाह. जखम झाली की लाली, ऊब, सूज आणि ठणका का होतो, एवढंच सांगायचं. सराव परीक्षेत आमच्याच मॅडमपुढे ती फळ्याशी उभी राहून नुसती घामाघूम झाली. खऱ्या परीक्षेत तेच झालं तर वर्ष जाणार होतं. ती नोकरीतून रजा घेऊन शिकायला आलेली, आणि वाढीव रजा मिळणार नव्हती. म्हणजे शिक्षण तिथंच आटोपलं.

"मना नाय जमायचा गो, सलोनी," ती रडवेली झाली. "बाबा देवळात येवढ्या लोकांसमोर गाऱ्हाना घालतात, आनि मी ही अशी."

तिचे बाबा रावजी गावच्या देवळात गाऱ्हाणं घालतात. ते देवाला हाक मारून गावाचं सुखदुःख सांगतात आणि दर वाक्याला गाव म्हणतं, 'व्हय म्हाराजा!' झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळला.

"मग तूही घाल की! सुजेचं गाऱ्हाणं घाल!"

आधी ती चिडली, मग हसली, मग डोळे मिटून सुरू झाली. आणि काय सांगू, बाई बोलायला लागली! शरीर म्हणजे गाव, कातडी ही त्याची वेस, पांढऱ्या पेशी म्हणजे राखणदार. हॉस्टेलच्या गच्चीवर पहिल्या वर्षाच्या पोरी जमवून मी तालीम घेतली. त्यांना काय, ओरडायला मिळालं म्हणजे झालं.

परीक्षक बाई सोलापूरकडच्या होत्या. चेहऱ्यावरची एक रेष हलेल तर शपथ. ज्ञानेश्वरीनं फळ्यावर 'दाह' लिहिलं, वर्गाकडे वळली आणि तोंडाला पुन्हा कुलूप. मी शेवटच्या बाकावर, बाईंच्या शेजारीच बसले होते. एवढी शहाणी पोर, हिचं वर्ष असं डोळ्यांदेखत जाणार? मी खाकरल्यासारखं करून फळ्यापर्यंत पोचेल एवढ्यानं पुटपुटले, "बा देवा म्हाराजा..."

ज्ञानेश्वरीचे डोळे आपोआप मिटले, हात जोडले गेले.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकराच्या पायात काटा मोडलाय!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा वर्ग गरजला. बाईंचा चष्मा घसरला.

"वेस फुटली, परके जंतू आत शिरले. तवा तू रक्ताच्या वाटा रुंद करतोस, म्हनून लाली येते नि ऊब येते!"

"व्हय म्हाराजा!"

"वाटांच्या भिंती सैल करतोस. पानी झिरपता, राखनदार भायेर पडतात, म्हनून सूज येते नि ठनका लागता!"

"व्हय म्हाराजा!"

"काम झाला की राखनदार माघारी जाऊ देत. आपल्याच गावावर उलटू देऊ नको, नि जखम भरून येऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाई उभ्या राहिल्या. "ही परीक्षा आहे की जत्रा?"

ज्ञानेश्वरी पांढरीफटक पडली. संपलं, मला वाटलं. माझ्या आगाऊपणानं हिचं वर्ष बुडालं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं मला.

बाई सावकाश फळ्याशी गेल्या. त्यांनी हात जोडले आणि कोरड्या आवाजात सुरू केलं, "महाराजा, ह्या लेकराच्या पायाला सूज आली."

"व्हय म्हाराजा..." पोरी बिचकत म्हणाल्या.

"पाय लाल झाला, गरम झाला."

"व्हय म्हाराजा!" आता जोर आला.

"कारण तिथल्या रक्तवाहिन्या आकसल्या आणि तशाच अरुंद राहिल्या."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज माझा.

"नाय!"

ज्ञानेश्वरी बोलली होती. डोळे सताड उघडे. "नाय मॅडम. पयला क्षनभर आकसतात, पन मग रुंदच होतात. अरुंद राहिल्या तर तिथं रक्त कमी जाईल, पाय गार नि फिका पडेल. मग लाली नि ऊब यायची कुठून?"

"परीक्षक मी आहे. मी सांगते, अरुंद."

मला वाटलं, आता ही मान डोलावणार.

"तुमी सांगितलात म्हनून रक्त आपली वाट बदलायचा नाय, मॅडम."

बाईंनी घसरलेला चष्मा वर सरकवला. मग चेहऱ्यावरची एक रेष हलली. "पास," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्गात चुकीला चूक म्हणणारी एकटी तू. वॉर्डात अशीच नर्स पाहिजे."

ज्ञानेश्वरी फळ्याला टेकून हसत होती आणि रडतही होती. मला राहवलं नाही, मी जोरात टाळ्या पिटल्या. बाईंनी मान वळवली.

"सगळ्यात मोठ्यानं 'व्हय' म्हणणारी तूच ना?"

आता कोणत्या तोंडानं नाही म्हणू? मी मान डोलावली.

"पुढचा पाठ कोणाचा?"

"माझाच, मॅडम."

"विषय?"

माझे हातपाय गार पडले, घशाला कोरड पडली, छातीत धडधडायला लागलं.

"शॉक, मॅडम."