घरी बघणारं माणूस

रुग्णालयाच्या स्त्री-कर्करोग विभागात, लिफ्टसमोरच्या भिंतीवर, ठळक अक्षरांत एक वाक्य लावलेले होते : ‘आमची रुग्ण लवकर उठते, लवकर जेवते आणि लवकर घरी जाते, कारण घरासारखी विश्रांती कुठेच नाही.’

वाक्याचा पूर्वार्ध खरा होता. थोरलीने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. धाकट्या बहिणीचे गर्भाशय काढायचे, त्या सकाळी तिला जुन्या रीतीप्रमाणे घशाला कोरड पडेपर्यंत उपाशी ठेवले नाही. आधी साखरेचे पाणी पाजले. संध्याकाळी चहा मिळाला. दुसऱ्या दिवशी नळ्या निघाल्या आणि धाकटी भिंतीला हात न लावता व्हरांड्यात चालू लागली. दुखणे मारणारी औषधे अशी बेताची, की डोके ताळ्यावर राही. थोरली मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. थापा ओळखण्यात तिची हयात गेली होती. इथे तिला थाप सापडली नाही.

उत्तरार्धाची गोष्ट निराळी. घरासारखी विश्रांती कुठेच नाही, हे कोणाच्या घराबद्दल म्हटले आहे? ज्याने हे रचले त्याच्या घराबद्दल असावे. तो संध्याकाळी परततो, चपला काढतो आणि त्याच्या हाती कोणीतरी पाण्याचा पेला देते. पेला देणारीने विसावा घ्यायला कोणाच्या घरी जावे, एवढे मात्र त्या भिंतीवर लिहिलेले नव्हते.

धाकटीच्या नवऱ्याचे चष्म्याचे दुकान होते. माणूस वाईट नव्हे. व्यसन नाही, आवाज चढवणे नाही. उभ्या गावाला नजर पुरवून तो आपले पोट भरत असे. बहीण घरी जाईल तेव्हा मीही महिनाभर येऊन राहते, असे थोरलीने सुचवले, तर त्याने अदबीने थोपवले. घरी सगळी व्यवस्था आहे, ताईंनी या वयात दगदग करू नये. व्यवस्था म्हणजे कामाला ठेवलेली बाई, अशी समजूत करून घेऊन थोरली आपल्या गावी परतली. त्या शब्दाचा अर्थ विचारायला हवा होता, हे तिला नंतर सुचले.

फोनवर धाकटी हसत असे. पोट धरून हसते आहे, हे आवाजावरून कळे.

“अगं ताई, डॉक्टरांनीच चालायला सांगितलंय ना? चालतेय की. ओट्यापासून टेबलापर्यंत, टेबलापासून ओट्यापर्यंत.”

कंबरेचे हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंनीही या नव्या वैद्यकाला पावती दिली होती. आमच्या वेळी पोट फाडलं की बाई महिनाभर लोळायची, आताचे डॉक्टर हुशार हो, असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. हिंडते-फिरते राहा, हा सल्ला घरात सगळ्यांच्या तोंडपाठ झाला. जड उचलू नका, हाही सल्ला होताच, आणि तोही पाळला गेला. पाण्याची बादली कोणी तिला उचलू दिली नाही. सासूबाईंना वजनात धरायचे असते, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही.

न्हाणीघरातल्या स्टुलावरून त्यांना उठवताना धाकटीचे टाके सुटले. दोन दिवस तिने ते कोणाला सांगितले नाही. ताप चढला, जखमेत पू झाला, तेव्हा तिला त्याच लिफ्टने त्याच वाक्यासमोर परत आणले.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी गावाहून धावत आलेल्या थोरलीला आडपडदा न ठेवता सांगितले : गाठ निघाली, तरी आजाराचे कण मागे राहिलेले असतात, त्यांच्यासाठीची औषधे या आठवड्यात सुरू व्हायची होती. उघड्या जखमेवर ती देता येत नाहीत. जखम भरेपर्यंत थांबायचे. आजार थांबेल का, हे थोरलीने विचारले नाही.

विभागातल्या सिस्टरला तिने विचारले ते दुसरेच : हिला घरी सोडलेच कसे? सिस्टर गोरीमोरी झाली. घरी बघणारं माणूस आहे ना, हे विचारल्याशिवाय आम्ही कोणालाच सोडत नाही, ती म्हणाली. यांच्या मिस्टरांनाही विचारलं होतं. इतर नवरे या प्रश्नाला छताकडे बघतात. हे मात्र लगेच, ठामपणे ‘आहे’ म्हणाले. इतके ठाम, की कोण, हे विचारायची तिला गरजच वाटली नाही.

खोलीत धाकटीला सलाइन लागले होते. तिने डोळे उघडून पहिली चौकशी केली ती सासूबाईंच्या चहाची. चहा मिळाला होता. दुकान बंद ठेवून नवरा आता आईचे सगळे करून मग रुग्णालयात येत होता. म्हणजे ते त्याला करता येत होते.

थोरली बाहेर आली. तो बाकावर चष्म्याची काच पुसत बसला होता.

“भाऊजी,” ती म्हणाली, “सिस्टरनी विचारलं, तेव्हा तुम्ही ‘आहे’ म्हणालात. कोण होतं?”

तो चष्मा न घालताच बोलला.

“मी खोटं नाही बोललो, ताई. घरी बघणारं माणूस आहे का म्हणून त्यांनी विचारलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर हीच आली.”