डाव्या पिळाचा बिट

मी डाव्या पिळाचा बिट, भोक पाडायच्या बरम्याचं पोलादी पातं. बरम्याच्या तोंडात मला बसवून दांडा उलटा फिरवला, तरच मी लोखंड कापतो. सरळ फिरवलं तर नुसता घासत राहतो. त्यामुळे पुष्कळांनी मला कुचकामी समजून बाजूला फेकलं. माझी हकीकत मी गोड आवाजात सांगणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ती आठवली की आजही माझं पोलाद तापतं.

मला दादाजी फिटरनं घडवलं. नागपुरात इतवारी स्टेशनाच्या पलीकडे कापसाची एक जीन होती. सरकी काढणारी तिथली सगळी यंत्रं दादाजीच्या भरवशावर चालायची. एका जुन्या कानशीचं पोलाद त्यानं भट्टीत लाल केलं, ठोकून चपटं केलं, पकडीत धरून डाव्या अंगाला पीळ दिला आणि जवसाच्या तेलात बुडवलं. मग तीन दिवस दगडावर घासून मला धार दिली. त्याचे हात मोठे चांगले होते. ते मी नाकारणार नाही.

माझं काम एकच. बोल्ट तुटला की त्याचा अर्धा भाग भोकातच अडकून बसतो. साधा बिट लावला तर तो आणखी आवळला जातो आणि मग भोक मोठं करत करत त्याचा कीस पाडावा लागतो. मी उलटा फिरतो, म्हणजे बोल्ट ज्या बाजूला सैल होतो त्याच बाजूला. माझी धार त्याच्यात रुतली की तो तुकडा माझ्याबरोबर आटे सोडत सबंध बाहेर येतो. त्याचं तोंड जसं तुटलं तसंच राहतं.

सन छत्तीसचा हंगाम होता. काटोलकडून कापसाच्या बैलबंड्या येऊन फाटकाबाहेर रांगेनं उभ्या होत्या. सोमवारी सकाळी दादाजीनं चौथ्या नंबरच्या यंत्राची जाळी वंगणासाठी उतरवली. ही लोखंडी जाळी फिरत्या पट्ट्यावर झाकण म्हणून बसवलेली असते, कापूस टाकणाऱ्या बाईचा हात आत जाऊ नये म्हणून. ती एका जाड बोल्टावर उभी होती. दुसरा बोल्ट वर्षापूर्वीच गळून पडला होता आणि तो बसवायला कुणाला सवड झाली नव्हती. उरलेल्या बोल्टाच्या बुडाशी दादाजीला चीर दिसली.

तो सरळ मॅनेजरकडे गेला. मॅनेजर मार्तंडराव, गळाबंद कोटातले, नेमके वागणारे गृहस्थ.

"साहेब, चार नंबरच्या बोल्टले चीर गेली हाये. दोन घंटे मशीन बंद ठेवा, नवा टाकून देतो."

"बाहेर बंड्या बघितल्यास? दोन घंटे कुठून आणू? वरून रंग लावून घे. हंगाम संपला की पाहू."

दादाजी उभा राहिला. मला वाटलं, आता हा काही बोलेल. तो "जी" म्हणाला, शेंदरी रंगाचा डबा उचलला आणि त्या चिरेवर दोनदा ब्रश फिरवला. रंग चिरेच्या आत उतरला. वरून बोल्ट नव्यासारखा दिसायला लागला. मी त्याच्या पेटीत होतो. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी ओरडलो असतो.

गुरुवारी दुपारी बोल्ट तुटला. जाळी कलंडली आणि सुभद्रेचा उजवा हात जाळीसकट पट्ट्यात ओढला गेला. सुभद्रा तिशीची, चार नंबरवर सहा वर्षं काम करणारी. सगळ्यांत चपळ हात तिचा. यंत्र थांबेपर्यंत त्या हाताची चार बोटं गेली होती.

तिला दवाखान्यात नेलं आणि तासाभरात मार्तंडराव दादाजीपाशी आले. हातात रुमाल होता, आवाज दबका.

"इन्स्पेक्टर येईल चौकशीला. भोकात जो तुकडा राहिलाय त्याचा कीस पाड, नवा बोल्ट बसव. बाईचं लक्ष नव्हतं, असं मी लिहून पाठवतोय."

सुभद्रेच्या हाताचं काय झालं, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

दादाजीनं बरमा छातीशी धरला. पेटीत साधे बिट सात-आठ होते. त्यानं मला उचललं. सवयीनं उचललं की मुद्दाम, ते त्यानं कधी सांगितलं नाही. मी फिरलो. एवढ्या रागानं मी कधी लोखंड चावलं नव्हतं. चौथ्या-पाचव्या फेऱ्याला तुकडा हलला आणि सबंध बाहेर आला. त्याचं तोंड अर्धं चकचकीत होतं, ताजं तुटलेलं. उरलेलं अर्धं गंजून काळं पडलेलं, आणि त्या काळ्यावर कडेनं शेंदरी रंग. पाहणाऱ्याला ओरडून सांगावं असं ते तोंड होतं, की ही चीर जुनी आहे आणि ती कुणालातरी माहीत होती.

दादाजीनं तुकडा खिशात टाकला आणि भोकात नवा बोल्ट बसवला.

आठवड्यानं तो सुभद्रेला भेटायला तिच्या घरी गेला. पेटी खांद्याला होती, म्हणून मीही गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती, हात कापडात गुंडाळलेला.

"भाऊ, तुमी मशीनवाले," ती म्हणाली. "सारे म्हणून राहिले का माझंच ध्यान नोतं. मले तं काही आठवत नाई. तुमीच सांगा, माझा हात चुकला का?"

खिशातला तुकडा त्याच्या बोटांत होता.

"आराम कर वं सुभद्रा," तो म्हणाला. "इचार नको करू."

इतका भित्रा माणूस माझा बाप आहे, याची मला त्या दिवशी लाज वाटली.

चौकशी कचेरीत झाली. इन्स्पेक्टर साहेब टेबलाशी, बाजूला मार्तंडराव, दाराशी सुभद्रा. साहेबांनी विचारलं, "फिटर, बोल्ट कसा होता?"

"चांगला होता साहेब," दादाजी म्हणाला.

मार्तंडरावांनी डोळे मिटून समाधानानं मान डोलावली. मग साहेब सुभद्रेकडे वळले. तिनं पदर सावरला, डाव्या हातानं, अडखळत.

"हो जी. माझंच ध्यान नसन. मीच चुकली."

कुणी मारून मुटकून बोलायला लावलं नव्हतं तिला. आठवडाभर सगळ्यांनी तेच सांगितलं आणि तिनं ते खरं मानलं. बोटंही तिचीच गेली आणि चूकही तिचीच ठरली.

दादाजी पुढे आला आणि तो तुकडा टेबलावर ठेवला.

"साहेब, मी खोटं बोललो. चीर सोमवारीच दिसली होती. मॅनेजरसाहेबांले सांगितलं, त्यायनं रंग लावाले सांगितला. रंग म्या लावला. पाहून घ्या, आत गेला हाये. ह्या बाईची काही चूक नाई."

"याला काय, कुठलाही भंगार तुकडा..." मार्तंडराव म्हणू लागले.

"चार नंबरचा नवा बोल्ट काढा, हा त्या भोकात लावून पाहा," दादाजी म्हणाला. "आटे बसतीन."

साहेबांनी स्वतः जाऊन लावून पाहिला. आटे बसले. कागदावरचा सुभद्रेचा दोष खोडला गेला आणि कायद्यानं तिला जे मिळायचं ते मिळालं. मार्तंडरावांची मालकांनी दुसऱ्या गावच्या जिनेत बदली केली, म्हणजे तिथेही ते मॅनेजरच. दादाजीला त्याच संध्याकाळी फाटकाबाहेर काढलं.

फाटकापाशी सुभद्रा थांबली होती. त्याला वाटलं असेल, ही दोन चांगले शब्द बोलेल.

"मी तुमाले घरी इचारलं होतं, भाऊ," ती म्हणाली, आणि निघून गेली. पुढे कधी ती त्याच्याशी बोलली नाही. मी तिच्या बाजूचा आहे.

आज दादाजी थकलाय. गांधीबागेच्या रस्त्याला कुलपं आणि कंदील दुरुस्त करतो. माझी धार गेली आहे, अंगावर गंज चढलाय. उद्या खांडेनवमी. तो पेटी उघडेल, मला पुसेल, हळदकुंकू लावेल, झेंडूचं फूल वाहील आणि हात जोडेल. त्याच दिवशी साऱ्या नागपुरातल्या कारखान्यांत यंत्रांना हार चढतील, नारळ फुटतील, आणि हाराखालच्या बोल्टांकडे कुणी बघणार नाही.

मला फूल नको. मला दगडावर घासा, धार द्या आणि कामाला लावा. अजून पुष्कळ तुकडे आत अडकलेले आहेत.