एकशे छप्पन

मला "ठाऊक नाही" असं म्हणता येत नाही. खोड जुनी आहे. माझे वडील, अण्णा, ब्रह्मा घाटावर वेदपाठशाळा चालवतात. लहानपणी मी आणि माझा मावसभाऊ कुशल त्यांच्यासमोर बसून संथा घेत असू. विसरला की कुशल गप्प बसायचा, मान खाली, कान लालबुंद. मी मात्र कधी अडखळलो नाही. आठवत नसेल तिथे त्याच चालीत, त्याच स्वरात काहीतरी मनचं घालायचो आणि पुढे सटकायचो. आलेले पाहुणे माना डोलवायचे. अण्णा डोळे न उघडता म्हणायचे, "सुश्रुत, मागे जा. जिथून मनचं घातलंस तिथून पुन्हा म्हण."

अण्णांचा कान विलक्षण. बाहेरगावचा कुणी वैदिक आला आणि म्हणताना एका जागी चुकला, की अण्णा त्याच्या गुरुजींचं नाव सांगायचे. म्हणायचे, बरोबर म्हणणारे सगळे सारखेच, माणूस ओळखायचा तो चुकीवरून. एकच चूक दोन तोंडांतून आली तर दोघांचा पाठ एकच.

वेद ना मला आले ना कुशलला. मी विद्यापीठाच्या संगणक विभागात चिकटलो आणि फावल्या वेळात हिंदीत एक चॅनल सुरू केलं. येणारं गेमिंग कन्सोल कसं असेल, त्यात कुठली चिप असेल, कुठली कंपनी कुठल्या डिस्प्लेत पैसा घालते आहे, यावर बोलायचं. खरं काय ते आधी कुणालाच कळत नाही, त्यामुळे माझ्यासारख्याचं फावतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण चाल माझी पक्की होती. चाळीस हजार लोक माना डोलवायला लागले.

कुशलनं शहरातल्या लंका भागात, विद्यापीठाच्या फाटकाजवळच्या गल्लीत, गेमिंग पार्लर काढलं. आठ टीव्ही, आठ कन्सोल, रबराच्या चपला काढून आत यायचं अशी शिस्त. मुलं तासावर खेळायची. घर त्याच्यावरच चालायचं, त्याचं आणि मावशीचं.

गेल्या चैत्रात एका परदेशी फोरमवर, टोपणनावानं, मी एक अंदाज टाकला. पुढचं कन्सोल दिवाळीला येईल, जुन्या टीव्हीवर त्याची निम्मी मजाही येणार नाही, त्याला नव्या पद्धतीचे डिस्प्ले लागतील, एकशे पासष्ट हर्ट्झचे. म्हणजे पडद्यावर सेकंदाला एकशे पासष्ट वेळा चित्र बदलेल. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि घाईत टाइप करताना पाच-सहाची अदलाबदल झाली आणि एकशे छप्पन पडलं. असा डिस्प्ले बाजारात कुणी बनवत नाही. चॅनलवरही मी तेच वाचून दाखवलं होतं. चूक मला नंतर दिसली, पण एवढं कोण बघतंय म्हणून मी तशीच राहू दिली.

आषाढात एका परदेशी साइटवर बातमी आली. कारखान्यातल्या माणसाकडून समजलं म्हणे, नवं कन्सोल दिवाळीला, नवे डिस्प्ले, एकशे छप्पन हर्ट्झ.

मी ती वाचली आणि हसलो. माझंच पोर परदेशी कपडे घालून घरी आलं होतं. त्या क्षणी मला पक्कं ठाऊक होतं की कारखाना नाही, माणूस नाही, काही नाही. आणि त्याच संध्याकाळी मी कॅमेऱ्यासमोर बसून म्हणालो, "दोस्तों, जो हमने कहा था, अब बाहरवाले भी कह रहे हैं।" तो व्हिडिओ माझ्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त चालला. हे लिहितानाही माझी मान वर होत नाही.

दुसऱ्या दिवशी कुशलचा फोन आला. "दादा, एकच विचारतो. पक्कं ना? कारण घोषणा झाली की माझी जुनी मशिनं कोई नहीं पूछेगा."

मला तिथे थांबता आलं असतं. अंदाज आहे रे, एवढे तीन शब्द. पण माझ्या तोंडून निघालं, "आत्ता विक. नंतर भंगारात जातील."

त्यानं आठही टीव्ही आणि आठही कन्सोलं विकून टाकली. त्या पैशांत मावशीच्या पाटल्यांची भर घालून आठ नवे डिस्प्ले आणले. एकशे छप्पनचे कुठेच मिळेनात, तेव्हा दुकानदारानं दाखवले ते त्याहून वरचे घेतले. मग बाहेरच्या भिंतीवर ऑइलपेंटनं, पुरुषभर उंचीच्या अक्षरांत रंगवून घेतलं: 'जल्द आ रहा है – १५६ Hz'. नारळ फोडायला मला बोलावलं. मी त्या भिंतीखाली उभा राहून नारळ फोडला आणि खोबरं वाटलं. माझ्या बोटाची चूक माझ्या डोक्याच्या वर लाल रंगात चमकत होती.

दिवाळी आली आणि गेली. कन्सोल आलं नाही. कंपनीनं तर कधी येणार म्हटलंच नव्हतं. विद्यापीठातली मुलं कुशलला विचारायची, "भइया, ई एक सौ छप्पन कौन चीज है?" तो सांगायचा, "हमारे दादा ने बताया है। शास्त्रीजी के लड़के हैं, झूठ थोड़े बोलेंगे।" हे मला त्यानंच हसत हसत सांगितलं. आठ पडदे काळेच होते. मुलं दुसऱ्या पार्लरमध्ये जायला लागली होती.

देवदिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुशल आमच्याकडे आला. घाटावरच्या विझलेल्या पणत्या अजून पायऱ्यांवर होत्या. अण्णा झोपाळ्यावर बसले होते, मी चहा गाळत होतो. अण्णांनी विचारलं, "दुकान कसं चाललंय रे?"

"बंदच समजा, काका. मशीनच नाही तर पडदे काय चाटायचे? कुणाकडे तरी नोकरी बघतो आहे." मग माझ्याकडे बघून घाईघाईनं म्हणाला, "पण दादाची काही गलती नाही हं. कंपनीनंच मन बदललं असणार. दादाचा आकडासुद्धा बरोबर होता. बाहेरच्या साइटवर तोच आला, एकशे छप्पन."

अण्णांना कन्सोल म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्यांनी झोपाळा पायानं थांबवला. "आणि बाकीचे लोक कुठला आकडा सांगतात?"

"बाकी लोक एकशे चव्वेचाळीस म्हणतात, एकशे पासष्ट म्हणतात. छप्पन फक्त दोघं म्हणतात. दादा आणि ती साइट."

"कधीच कुणी छप्पन म्हटलं नव्हतं?"

"नाही काका. म्हणून तर मी विश्वास ठेवला. दोन ठिकाणी हूबहू तेच."

अण्णा माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. पाठशाळेत विचारायचे तसंच विचारलं, "सुश्रुत, पाठ कुणाचा?"

गाळणीतली पत्ती कपात पडली. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे, आणि माझे कान लाल झालेले मला कळत होते.

"माझाच," मी म्हणालो.

कुशलला समजेना. मग मला ते सगळं सांगावं लागलं, फोरम, अदलाबदल, साइट. तो ऐकत राहिला. मध्येच त्यानं माझी बाजू घ्यायचा प्रयत्नही केला: "म्हणजे तुलाही त्या साइटनं फसवलं." मी म्हटलं, नाही.

"व्हिडिओ केलास तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"मी फोन केला तेव्हा?"

"हो."

"नारळ फोडताना?"

मी मान हलवली. त्याची मान खाली गेली, लहानपणी जायची तशी. अण्णांसमोर मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो उठला, चपला घातल्या आणि दारातून म्हणाला, "भिंत तू पुसायची. उद्या अकरा वाजता, मुलं असतात तेव्हा."

अण्णांनी झोपाळ्याला पुन्हा झोका दिला.  चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. कुशलनं दोन पॉलिश पेपर आणि टर्पेंटाइनची बाटली पायरीवर काढून ठेवली होती. तो आत रिकाम्या खुर्चीवर बसून होता. ऑइलपेंट सहज सुटत नाही. 'जल्द आ रहा है' घासता घासता तास गेला. एक सुटला, पाच सुटला. लाल पाणी कोपरावरून सदऱ्यात उतरत होतं. गल्लीत चहा पीत मुलं उभी होती.

त्यांतल्या एकानं विचारलं, "भइया, नया वाला कब आ रहा है?"

"मालूम नहीं," मी म्हणालो. ते शब्द तोंडात परके वाटले.

मुलगा जवळ आला, माझा चेहरा निरखून पाहू लागला. "अरे, आप वही चैनलवाले हैं न?"

मी उत्तर द्यायच्या आत आतून कुशलचा आवाज आला, "नहीं जी, ये पेंट छुड़ाने आए हैं।"

महिनोन् महिने ज्यानं मला मिरवलं, त्यालाच आता मी त्याचा दादा आहे हे लपवावं लागत होतं. मला झाकायला की स्वतःला, ते मी विचारू शकलो नाही. गप्प राहिलो असतो तर सुटलो असतो. मी वळलो.

"वही हूँ," मी म्हणालो. "ये नंबर हमारा ही गलत लिखा हुआ था। हमको पता था, फिर भी सबको बताया। इनका कोई दोष नहीं।"

मुलानं मोबाइल काढून माझ्यावर रोखला. "एक बार फिर से बोलिए।"

मी सुरुवातीपासून पुन्हा म्हटलं. यावेळी काही गाळलं नाही, काही घातलं नाही. मुलानं मोबाइल खाली घेतला. कुशल बाहेर आला, माझ्याकडे न बघता पायरीवरचा दुसरा पॉलिश पेपर उचलला आणि उरलेला सहा घासायला लागला.