करियाच्या पोटाखालची चादर

मित्रांनो, मी एक जुनी सोलापुरी चादर आहे. जुनी म्हणजे टाकाऊ नव्हे हं! नागम्माच्या लग्नात मी आहेर म्हणून आले. घरी पाहुणे आले की मलाच अंथरायचे. कुणी "काय ऊबदार चादर आहे!" म्हटले की मी फुगून जायचे.

आणि एके दिवशी मला चक्क कुत्र्याखाली अंथरले! असा संताप आला म्हणून सांगू!

तो काळा कुत्रा सोलापुरातल्या सात रस्ता चौकात गाडीखाली सापडला होता. जखमी प्राण्यांसाठी धावणाऱ्या आरोहीने त्याला दवाखान्यात नेले. जखमा भरत आल्या, पण मागचे पाय लुळे पडले. बरा होईपर्यंत त्याला सांभाळणारे घर हवे होते. नागम्मा मूळची कन्नड मुलखाला लागून असलेल्या दुधनीची. तिचे बोलणे म्हणजे एक घाव दोन तुकडे. ती आरोहीला म्हणाली, "दे हिकडं. चालता करूनच परत देते." तिने त्याचे नाव ठेवले करिया. कन्नडमध्ये करिया म्हणजे काळा.

तिचे यजमान गुरुशांत कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, पाय आलं न्हाईत तर त्याला सुई देऊन कायमचं झोपवावं लागंल, असं डॉक्टर म्हणालं न्हवं? कशाला जीव लावतीस?"

नागम्मा ऐकते थोडीच!

रोज सकाळ-संध्याकाळ ती माझी लांब घडी करी, करियाच्या पोटाखालून घेई आणि दोन्ही टोके धरून त्याला अंगणात चालवी. त्याच्या अंगाला औषधाचा उग्र वास यायचा. माझ्या अंगभर त्याचे केस! आधी मी नाक मुरडले. पण त्याचे काळीज माझ्या अंगावर धडधडायचे हो! किती दिवस रुसणार?

आठवडे गेले. पाय काही उभे राहिनात. डॉक्टर म्हणाले, पायांत जीव आहे, मग हा उभा का राहत नाही? कारण मला ठाऊक होते. त्याचा सगळा भार माझ्यावर होता. तो पडेल या भीतीने नागम्मा मला इतकी वर ओढून धरी, की त्याचे पंजे जमिनीला जेमतेम शिवत. पण मी सांगणार कशी? चादरीला कुठे तोंड असते!

शेवटी आरोहीनेच ते पाहिले आणि ती हसत सुटली. "काकू, चालताय तुम्ही! हा नुसता पाळण्यात बसलाय. जरा सैल सोडा की."

"पडंल की गं!"

"पडू दे. पडला तर उठायला शिकेल."

नागम्माने डोळे मिटून मला सैल सोडले. करिया धप्पकन पडला आणि कळवळला. ती त्याच्यापेक्षा जास्त रडली. दुसऱ्या दिवशी तेच. नंतरही तेच. मग एका सकाळी त्याचा पंजा जमिनीवर नीट टेकला, आणि माझ्यावरचे ओझे जरासे हलके झाले. ते सगळ्यांत आधी मला कळले, मित्रांनो! माझा धागा न् धागा नाचत होता.

त्यानंतर एका संध्याकाळी गुरुशांत आपल्या दुकानातून घरी आले. त्यांची गाडी दारात थांबताच करियाने असा हिसडा दिला, की मी नागम्माच्या हातातून सुटले आणि मातीत पडले. तो तिरका गेला, डुलला, पण पडला नाही. सरळ त्यांच्या पायांशी जाऊन उभा राहिला! गुरुशांत पायरीवर मटकन बसले. "नागम्मा, आला गं! आपल्या पायानं आला!" एवढा मोठा माणूस, ढसाढसा रडला.

मंगळवेढ्याच्या आदिनाथ नावाच्या शेतकऱ्यांनी करियाला कायमचे घर दिले. त्यांच्या गाडीत तो आपला आपण चढला. एक पाय जरा फेंगडा पडतो, पडेना का! नागम्मा डोळे पुसत म्हणाली, "जा बाळा. माझा शब्द राखलास." गुरुशांत मला त्याच्याखाली अंथरू लागले, तर तिने मला खस्सकन ओढून घेतले.

"ही हितंच ऱ्हाऊ द्या. उद्या दुसरं कुणी आलं तर लागंल की!"

"मग धुऊन तरी ठेव बाई," ते म्हणाले.

मित्रांनो, रस्त्यात कुणी विव्हळत पडलेले दिसले तर मान फिरवून जाऊ नका. त्याला उचला, घट्ट धरा. आणि त्याच्या पायांत बळ येऊ लागले की हात सैल सोडायलाही शिका. करिया आता ज्वारीच्या रानात पळतो म्हणे. माझ्याशिवाय पळतो! याहून मोठे भाग्य चादरीला कोणते?