अर्जासोबतची प्रत

आमच्या वाद्यवृंदाचे नाव ‘तिसरी पाळी’. संघर्ष गात असे, मंजुषा गिटार वाजवी आणि ड्रम माझ्याकडे होते. तिघेही औद्योगिक वसाहतीत नोकरीस होतो.

आमचे संगीत ऐकणाऱ्यास प्रथम भयच वाटे. आरंभी संघर्ष कुणाच्या कानात सांगावे तसा पुटपुटे, मंजुषाची एकच सैल तार घरघरत राही. मग कोणतीही सूचना न देता सर्व एकदम कोसळे आणि तो असा किंचाळे की शब्दांचे तुकडे होत. माझा ठोका मी प्रेस मशीनवरून उचलला होता. तीन जड, एक रिकामा. चार वर्षांत जयंतीच्या मंचापासून महाविद्यालयांपर्यंत वीसेक कार्यक्रम झाले. आमची प्रत्येक ओळ कामगारांविषयी होती, परंतु श्रोत्यांना एकही कळली असेल असे वाटत नाही.

“कळायला कशाला पाहिजे?” संघर्ष म्हणे. “पोटात गेलं म्हणजे झालं.”

सुरगाण्याचा बहिरू माझ्या शेजारच्या कारखान्यात होता. प्रेसमध्ये त्याचा उजवा पंजा गेला. हात आत असता यंत्र थांबवणारा सेन्सर सुपरवायझरने काम वेगाने व्हावे म्हणून बंद केला होता. कारखान्याने मात्र बहिरूचाच निष्काळजीपणा लिहिला, म्हणून त्याने भरपाईचा दावा लावला. सेन्सरची वायर काढताना एकाच व्यक्तीने पाहिले होते, झाडू मारणाऱ्या झुंबरबाईने. ती न्यायालयात साक्ष देणार होती. तोवर कुणास कळू नये, एवढीच तिची अट होती.

संघर्षने त्यावर गाणे रचले. शेवटी तो सात वेळा किंचाळे, “झुंबरबाईनं पाहिलंय!”

“अरे, नाव कशाला?” मंजुषा म्हणाली.

“ताई, मी ओरडलो तर माझ्या आईलासुद्धा माझं नाव कळायचं नाही.”

आम्ही तिघेही हसलो.

द्वारका चौकाजवळच्या सभागृहातील कार्यक्रमासाठी अर्ज करावा लागला. गाण्यांचे शब्द दोन प्रतींत हवे होते, एक पोलीस ठाण्यास, एक सभागृहाच्या व्यवस्थापकास. ते काम माझ्याकडे आले, कारण नववीत शाळा सुटली तरी माझे अक्षर सुटले नव्हते. दोन संध्याकाळ बसून, समास सोडून, एकही खाडाखोड न करता मी सर्व लिहिले. आमचे शब्द प्रथमच कुणीतरी वाचणार, याचा मला अभिमान वाटला. झुंबरबाईच्या नावाखाली मी पट्टीने रेघ ओढली.

व्यवस्थापक त्या सुपरवायझरचा साडू होता, हे मला ठाऊक नव्हते.

कार्यक्रम उत्तम झाला. सोमवारी झुंबरबाईस फाटकावरूनच परत पाठवण्यात आले. तिचा मुलगा ओम तेथेच पॅकिंगला होता. त्याला केबिनमध्ये बोलावून घेतले.

तारखेस ती न्यायालयात म्हणाली, “मी तिथं नव्हते.”

बाहेर मी तिच्यापुढे उभा राहिलो. “मावशी, माझी चूक झाली.”

“मला वाचता येत नाय,” ती म्हणाली. “साहेबानं कागद दिला, ओमनं वाचला. म्हनला, आये, छापल्यावानी अक्षर हाय.”

निकाल बहिरूच्या विरुद्ध गेला. ‘तिसरी पाळी’ त्यानंतर वाजली नाही.

पुढच्या आठवड्यात बहिरू माझ्या खोलीवर आला. उजव्या बाहीचे रिकामे टोक त्याने खिशात खोचले होते.

“राकेशभाऊ, अपील करायचंय. वकील म्हनला, सगळी हकीकत लिहून आना. माझा हात असा. तू लिहिशील?”

मी कागद घेतला, समास सोडला. साक्षीदाराचे नाव लिहावयाच्या ठिकाणी आलो आणि पेन खाली ठेवले.

“लिही ना,” बहिरू म्हणाला.

ती जागा अजून कोरी आहे.