रवाना झाली

पार्सल ऑफिसात बत्तीस वर्षं त्यानं एकच शिक्का मारला होता : ‘रवाना’. माल आपल्या हातून सुटला, पुढचं पुढच्यांनी बघावं, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून बायकोनं पहाटे डोळे मिटले, तेव्हा सासूबाईंना कळवताना त्याच्या बोटांतून तेच उतरलं : ‘आज पहाटे रवाना झाली.’ ‘वारली’ काही लिहवेना. मग त्यानं फोन बंद करून टाकला.

तिकडे त्याचा अर्थ झाला, आजारी लेक माहेरी यायला निघाली. सासूबाईंनी खाटेवर धुतलेली चादर घातली. मेहुणा चाकांची खुर्ची घेऊन दिवसभर बसथांब्यावर उभा राहिला. खरं कळलं तोवर सगळं उरकलं होतं. आईला लेकीचं तोंड दिसलं नाही.

पंधरा दिवसांनी तो तिची पिशवी घेऊन गेला. आत चष्मा, शाल. ती सासूबाईंच्या हातात द्यावी, पाच मिनिटं त्यांच्यापाशी बसावं, एवढंच त्याला हवं होतं. मेहुणा दार अडवून उभा राहिला. तो शाळामास्तर.

“या भावोजी. मी कोश बघितला. शब्द फारसी आहे. ‘रवान’ म्हणजे चालणारा, वाहणारा. चालत होती का हो माझी बहीण?”

पाय चार महिने हलले नव्हते, असं तो म्हणाला.

“त्याच भाषेत रवान म्हणजे जीव, असंही दिलंय.”

“मग मी बरोबरच लिहिलं,” तो बोलून गेला.

मास्तरचं डोकंच फिरलं. तुम्हाला बायको काय नि खोकं काय, सारखंच, तो म्हणाला. शिक्का मारला की सुटलात. नशीब, वजन लिहून नाही कळवलंत.

ती स्वतःच म्हणाली होती, ‘आईला कळवा, मी निघाले.’ पण हे त्याला फक्त आईला सांगायचं होतं. पिशवी पोटाशी धरून तो मास्तरच्या खांद्यावरून आत बघत राहिला. खाटेवर तीच चादर होती, घडीसुद्धा न मोडलेली.

आतून सासूबाईंनी खाकरल्यासारखं केलं. त्यानं घाईघाईनं चपला काढल्या.

“पिशवी ठेवून घे,” त्या लेकाला म्हणाल्या, “आणि त्यांना रवाना कर.”

चपला परत घालताना त्याचा डाव्या-उजव्याचा घोळ झाला. मास्तर तेवढं संपेपर्यंत दारात थांबला, मग कडी लावली.