बाळंतिणीच्या खोलीतली डबी

डोंगरकड्याच्या पार्वतीबाईंनी सुनेचं, प्रियदर्शनीचं, बाळंतपण हाती घेतलं आणि वाऱ्याशी वैर मांडलं. खिडकीच्या फटीत चिंध्या, दाराला गोधडी, बाजेखाली निखाऱ्यांवर ओवा-शेपांची धुरी. लेकरू ठसकायचं, नाक फुरफुरवायचं. प्रियदर्शनीचा जीव खालीवर व्हायचा.

"आत्याबाई, खिडकी उघडू का जराशी?"

"उघड की! मग कंबर धरली म्हणून माझ्याकडं कण्हत येऊ नको."

त्यात कॉलेजातल्या मॅडम आल्या. घराघरांतली हवा मोजायची होती त्यांना. आढ्याला एक छोटी डबी टांगत त्या म्हणाल्या, "जमिनीतून रेडॉन नावाचा वायू येतो. ना वास, ना रंग. कोंदट खोलीत साचतो आणि फुप्फुसाला वाईट. किती साचला ते या डबीवरून कळतं."

पार्वतीबाई चुलीपाशी चहा गाळत होत्या. त्यांच्या कानी पडलं ते एवढंच, की डबीवरून कळतं. आणि दुसरी डबी शेजारच्या मालनबाईच्या घरी टांगलीय.

झालं! दुसऱ्याच दिवशी कौलांखालच्या झरोक्यातही बोळा गेला.

"हे काहून, आत्याबाई?"

"मालनबाईपेक्षा कमी भरली तर गावात तोंड कसं दाखवू?"

"अहो, कमी भरलेलं चांगलं असतं."

"कमी मार्क कुठं चांगले असत्यात? चौथी शिकलेय मी बी."

धुरात लेकरू पुन्हा खोकलं. प्रियदर्शनीनं ते छातीशी घट्ट धरलं आणि मनाशी ठरवलं, आता सासूबाईंना दुसऱ्या वाटेनं गाठायचं.

मॅडम डबी नीट आहे का ते बघायला परत आल्या, तेव्हा तिनं मुद्दाम सासूसमोरच विचारलं, "मॅडम, मालनबाईच्या घरी कसं काय?"

"छान! त्यांची खिडकी दिवसभर सताड उघडी. तिथं वायू कमीच निघणार. जितका कमी, तितकं घर चांगलं."

"मालनबाईचं घर चांगलं?" पार्वतीबाईंचा आवाजच चढला.

मॅडम कोपऱ्यावर वळायच्या आत चिंध्या उडाल्या, बोळा निघाला, निखाऱ्यांची शेगडी अंगणात गेली. पण खिडकीच्या कडीला हात घातला आणि त्या थबकल्या.

पार्वतीबाई मागं फिरल्या. सुनेच्या कानात कापूस कोंबला, डोक्याला फडकं करकचून बांधलं, लेकराला दुपट्यात गुंडाळलं. मग खिडकी उघडून आपणच वाऱ्याकडं पाठ करून बसल्या.

"वारं यायचंच असलं तर आधी मला लागू दे."

त्यांच्या खांद्यावरून उन्हाची तिरीप बाजेवर आली. लेकरानं एक लांब जांभई दिली आणि न ठसकता झोपलं.

पार्वतीबाई टक लावून बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मालनबाईचा नातू झोपतो का गं असा?"